कासरा काठावरच होता



रामटेकचा माणूस समुद्राविषयी बोलतो, याचं नवल वाटेल. आमच्याकडे पाणी म्हणजे अंबाळ्याचा तलाव, खिंडसीचा जलाशय आणि गावोगावच्या बोड्या. पण परीक्षा संपल्या की आमचीही पोरं कोकणात सहलीला जातात आणि जाताना तळ्याकाठची समजूत सोबत नेतात.

तळ्याचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं सारखं ये-जा करतं. किनाऱ्यावर आलेलं पाणी परतताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगानं आत धावतं. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून तो पट्टा शांत वाटतो. नवखा नेमका तिथेच उतरतो. ओढला गेला की सरळ किनाऱ्याकडे झगडतो, आणि दमतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडायचं असतं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, हे आपण विसरू नये.

मग ओळखीचं पाणी तरी सुरक्षित आहे का? जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात होडी उलटून ८ तरुण गेले. घराजवळचंच पाणी होतं ते. उन्हाळ्यात जिथे मुरूम खणला, तिथे पावसाळ्यानंतर दोन पुरुष पाणी असतं. वरून काहीच कळत नाही.

मी दहा वर्षांचा असेन. पोळ्याचा आदला दिवस होता. गावाबाहेरच्या बोडीवर बैल धुवायला गर्दी झाली होती. दोघा भावांतला धाकटा घसरला. तो ओरडला नाही. बुडणारा सहसा ओरडत नाहीच. त्याला श्वासच पुरत नसतो. थोरल्यानं मागोमाग उडी घेतली. त्यालाही पोहता येत नव्हतं. दोघंही गेले. पोळ्यासाठी आणलेला नवाकोरा कासरा काठावरच होता. तो फेकावा, हे आम्हां कोणालाच सुचलं नाही. माझ्या कवितेत पाणी पुष्कळ आहे. तो कासरा मात्र अजून लिहिता आलेला नाही.

म्हणून आज एवढंच सांगतो. बुडणारा दिसला तर उडी घेऊ नका. दोर फेका, ओढणी फेका, झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा फेका. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नका. तोंडानं श्वास द्या, छाती दाबा, कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. हे कसं करायचं, ते आधीच शिकून घ्यावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. सहलीच्या सामानात डबे, चटया, पत्ते सगळं असतं. यंदा त्यात एक लांब दोर ठेवा. तो न वापरताच घरी परत यावा, हीच दुआ.