कुणाचे दिवस मोजले जातात

गेल्या महिन्यात एका ताईंचा निरोप आला. त्यांचा भाचा इथे मास्टर्स करायला आला, अभ्यासक्रम संपला, मनासारखी नोकरी लागेना, आणि कार्डाची मुदत संपत आली. खोलीतली मुलं त्याला म्हणतात, "आश्रयाचा अर्ज टाकून दे. राहायला जागा मिळते, सहा महिन्यांत कामाची परवानगीही मिळते." ताई विचारतात, करू द्यावं का? त्याच आठवड्यात आपल्या एका व्हॉट्सॲप गटावर एक वाक्य फिरत होतं, तुम्हीही वाचलं असेल: "आपण रांगेत उभे राहून आलो, हे लोक रांग मोडून आले."

म्हणजे एकाला त्या दारातून आत शिरायचंय आणि दुसऱ्याला त्या दाराचा राग आलाय. दार नेमकं कसं आहे ते मात्र दोघांनीही पाहिलेलं नाही. आज त्याबद्दल बोलते. मी वकील नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आधी आपली रांग. जुन्या मंडळींना बर्ग की आठवत असेल. २०१६च्या सप्टेंबरात ऑनलाइन वेळ घ्यायची सोय आली, त्याआधी लोक पहाटे, कधी मध्यरात्रीपासून, लिफीच्या काठावर थंडीत उभे असायचे. ऑनलाइन झाल्यावर वेळाच मिळेनात, कारण काही लोक संगणकाच्या करामतीनं त्या उचलायचे आणि विकायचे. कार्डाचे तीनशे युरो तेव्हाही होते, आजही आहेत. क्रिटिकल स्किल्सवाल्याला एकवीस महिन्यांनी स्टॅम्प फोरकडे जाता येतं, जनरल परमिटवाल्याला जवळजवळ पाच वर्षं थांबावं लागतं. क्रिटिकल स्किल्सवाल्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला परमिटशिवाय नोकरी करण्याची मुभा २०१९मध्ये मिळाली, जनरलवाल्याच्या जोडीदाराला २०२४मध्ये. मधली वर्षं किती शिकल्यासवरल्या बायका घरी बसून होत्या, हे नॉर्थवूडच्या कुठल्याही इमारतीत विचारा.

तेव्हा आपली रांग खरी आहे आणि तिचा त्रासही खरा आहे. पण आश्रयाला अशी रांगच नसते. आयर्लंडच्या दिल्लीतल्या वकिलातीत किंवा मुंबईच्या व्हिसा केंद्रात "मला आश्रय हवा" असा अर्ज देता येत नाही, तसा व्हिसाच नाही. १९५१च्या निर्वासित कराराप्रमाणे माणूस आधी त्या देशाच्या जमिनीवर पोहोचतो आणि मग मागणी करतो. आयर्लंडनं हा करार १९५६मध्ये स्वीकारला. जी रांग अस्तित्वातच नाही, ती मोडली असं म्हणता येत नाही. कुणी खोटं सांगून मागतो का? मागतो. पण ते अर्ज तपासल्यावर कळतं. तो विमानतळावर कसा उतरला त्यावरून नाही.

तपासतात कसं? अर्ज घेतला जातो लोअर माउंट स्ट्रीटवरच्या कार्यालयात. बोटांचे ठसे, फोटो, पासपोर्ट जमा. मग प्रश्नावली आणि पुढे समोरासमोर मुलाखत, हवा तर दुभाषी. २०१५चा कायदा २०१६च्या अखेरीस लागू झाला, तेव्हापासून एकाच अर्जात तीन गोष्टी पाहतात. धर्म, वंश, राजकीय मत अशा एखाद्या कारणानं छळ होईल का, म्हणजे हा माणूस निर्वासित ठरतो का? ते नसेल, तर परत पाठवल्यास फाशी, यातना किंवा युद्धातला मृत्यू असा गंभीर धोका आहे का? तेही नसेल, तर इथलं कुटुंब, तब्येत, इतकी वर्षं इथे रुजणं, अशा कारणांनी राहू द्यावं का? तिन्हीला नकार आला तर अपील. गरिबी किंवा बेकारी हे कारण यात कुठेच बसत नाही. ते चूक की बरोबर, हा वेगळा वाद.

या काळात माणसाला ठेवायचं कुठे, या प्रश्नात आयर्लंड सत्तर वर्षं अडखळत आलंय. १९५६मध्ये हंगेरीतून पाचशेहून अधिक लोक आणले आणि लिमरिकजवळ नॉकलिशीनच्या लष्करी छावणीत ठेवले. स्वागत जोरात झालं, पण काम करू देईनात. १९५७च्या वसंतात त्या लोकांनी उपोषण केलं, आणि बहुतेक जण पुढे कॅनडाला निघून गेले. तीच नॉकलिशीन पुन्हा आश्रयार्थींचं केंद्र झाली!

इथे मला कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवतं. १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित तिथे राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत रशियानं त्यांना घरांतून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं, तिथून इराणमार्गे ते आपल्याकडे आले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. कुठला करार तेव्हा नव्हता, भारतानं तो अजूनही केलेला नाही. तरी जागा दिली. त्यांचंही तिथे कायमचं घर झालं नाही. पण त्यांना स्वतःची चूल मांडता येत होती, हे लक्षात ठेवा.

कारण आयर्लंडनं २०००च्या एप्रिलमध्ये डायरेक्ट प्रोव्हिजन सुरू केलं त्यात नेमकी चूलच गेली. राहायला खोली, ठरल्या वेळी कँटीनचं जेवण, आणि मोठ्या माणसाला आठवड्याला १९ युरो १० सेंट. हा आकडा २०१७पर्यंत हलला नाही. सहा महिन्यांची सोय म्हणून आणलेल्या व्यवस्थेत लोक सात-आठ वर्षं राहिले. आईला स्वयंपाक करताना कधी पाहिलंच नाही, अशी मुलं त्या केंद्रांत मोठी झाली. २०१५च्या सरकारी समितीला कुटुंबांना स्वयंपाकाची सोय द्या, अशी शिफारस करावी लागली. आपल्यापैकी काहींना याची किंचितशी चव मिळाली आहे. २०२१मध्ये सक्तीचं हॉटेल क्वारंटाइन आलं, तेव्हा इथल्याच नॉर्थवूडच्या क्राउन प्लाझात लोकांना ठेवत होते, आणि मेपासून भारतातून येणारेही त्या यादीत आले. बारा रात्री, १,८७५ युरो, जेवण दारात. बाराव्या दिवशी माणसं रडकुंडीला आली होती. आणि त्यांना सुटकेची तारीख तरी ठाऊक होती.

कामाचं तसंच. आश्रयार्थीला काम करायला सरसकट बंदी होती. म्यानमारच्या एका माणसानं आठ वर्षं केंद्रात काढली आणि तो कोर्टात गेला. ३० मे २०१७ला सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की वेळेची कुठलीच मर्यादा नसलेली अशी बंदी घटनेत बसत नाही. पुढच्या महिन्यात लिओ वराडकर पंतप्रधान झाले, आपल्या मालवणकडच्या वराडच्या डॉक्टरांचे चिरंजीव, आणि २०१८मध्ये त्यांच्या सरकारला ही परवानगी द्यावी लागली. आज नियम असा: अर्ज करून सहा महिने झाले आणि पहिला निर्णय लागला नाही, तर काम करता येतं.

२०२२मध्ये युक्रेनचे लोक आले तेव्हा मात्र याच सरकारनं त्यांना पहिल्या दिवसापासून कामाची मुभा दिली. एकेकाची मुलाखत नाही, कारणांची छाननी नाही. करायचं ठरवलं तर होतं, एवढं त्यातून कळलं. त्याच सुमारास इतर देशांतले आश्रयार्थीही वाढले. २०२१मध्ये साधारण २,६०० अर्ज होते, २०२२मध्ये तेरा हजारांवर आणि २०२४मध्ये अठरा हजारांवर गेले. जागा संपल्या, माउंट स्ट्रीटवर तंबू लागले, ते १ मे २०२४ला हटवले, मग कालव्याकाठी लागले.

आता मला ज्यासाठी बोलायचं होतं ते. सरकार माणसाचे दिवस सारखे मोजत नाही. नागरिकत्वासाठी पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, पण त्यात वर्क परमिटचे दिवस धरतात, विद्यार्थी म्हणून काढलेले धरत नाहीत, आणि आश्रयाच्या निकालाची वाट पाहण्यात गेलेले दिवसही धरत नाहीत. भाच्यानं विद्यार्थी म्हणून आणि त्या तंबूतल्या माणसानं निकालाची वाट पाहत डब्लिनमध्ये काढलेले दिवस, दोघांचेही वहीत शून्य जमा आहेत. रांगेचा राग करणाऱ्यांनी ही वही एकदा बघावी.

ताई, आता तुमच्या भाच्याचं. जुलै २०२४मध्ये आयर्लंडनं भारताला "सुरक्षित देशां"च्या यादीत घातलं, ब्राझील, इजिप्त, मलावी आणि मोरोक्को यांच्याबरोबर. याचा अर्थ भारतीयाला अर्ज करता येत नाही असा नाही. जातीबाहेर लग्न केलं म्हणून जिवावर उठलेलं घर, धर्मावरून झालेला छळ, अशी खरी कारणं असू शकतात, आणि ती ऐकावीच लागतात. पण "तुझा देश सुरक्षित आहे" असं गृहीत धरून सुरुवात होते, उलट सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर येतं, आणि अर्ज वेगवान मार्गाला लागतो. अपिलाची मुदतही कमी. निर्णय सहा महिन्यांच्या आत लागला, तर ज्या कामाच्या परवानगीसाठी हा खटाटोप, ती मिळतच नाही. पासपोर्ट सरकारकडे, मंत्र्यांच्या संमतीशिवाय देशाबाहेर जाता येत नाही. घरी कुणी आजारी पडलं तरी अर्ज मागे घेतल्याशिवाय निघणं कठीण. शेवटचा नकार आला की स्वेच्छेनं परत जातो असं कळवायला पाच दिवस. ते गेले तर हद्दपारीचा हुकूम, आणि तो काढला की पुन्हा इथे यायची वाट बहुधा बंदच. युरोपच्या नव्या आश्रय कराराची तारीख १२ जून २०२६, त्यात सगळं आणखी जलद.

मला त्या खोलीतल्या मुलांचा राग येत नाही. घाबरलेली पोरं आहेत, फीचं कर्ज डोक्यावर आहे. राग येतो तो पैसे घेऊन हा सल्ला विकणाऱ्यांचा. मास्टर्स केलेल्याला स्टॅम्प वन-जीवर एक वर्ष, आणि नोकरी शोधत असल्याचा पुरावा दाखवला तर दुसरं वर्षही मिळू शकतं. तुमच्या भाच्यानं ते दुसरं वर्ष मागितलंय का, ते आधी विचारा. मुदत संपायच्या आत मागायचं असतं. कुठेकुठे अर्ज केले, कुणाच्या मुलाखती दिल्या, त्या ईमेल जपून ठेवायला सांगा.

आणि गटावरच्या त्या वाक्याबद्दल एवढंच. १५ जुलै २०२४ला इथून जवळच, कूलॉकच्या जुन्या रंगाच्या कारखान्यात आश्रयार्थी ठेवणार म्हणून गाड्या जाळल्या. वर्षभरानं, जुलै २०२५मध्ये, टालाला एका भारतीय माणसाला रस्त्यावर मारलं, त्यानंतर भारतीय दूतावासाला सावधानतेची सूचना काढावी लागली, आणि फार्मलीचा इंडिया डे पुढे ढकलला गेला. मारणाऱ्यांनी त्याचं आयआरपी कार्ड मागितलं नव्हतं.

खरंच कुणाला गरज असेल तर: आश्रयाच्या प्रकरणात लीगल एड बोर्ड सरकारी खर्चानं वकील देतं, अगदीच किरकोळ रकमेत. मुलाखतीच्या आधी त्यांच्याकडे जावं, नंतर नाही. आयरिश रेफ्युजी कौन्सिल माहिती देतं. स्टॅम्प आणि परमिटच्या शंकांसाठी सिटिझन्स इन्फर्मेशनचं केंद्र, तिथे पैसे पडत नाहीत. मुलाखतीला मराठी दुभाषी हवा असेल तर तसं आधीच लिहून द्या, हिंदीवर भागवून नेऊ नका. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की पुढे तोच विसंगती म्हणून दाखवतात.

ताई, भाच्याच्या कार्डावरची तारीख पाहून मला कळवा. नमस्कार.