हवेतील कर्बवायूचा जमाखर्च

दुधात पाणी मिसळायला क्षणभरही लागत नाही. पण ते पाणी परत वेगळे काढा असे कोणी म्हटले, तर मिसळणाऱ्यालाच घाम फुटेल. हवा आणि कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, यांची गोष्ट काहीशी अशीच आहे. गेल्या दोनेकशे वर्षांत माणसाने कोळसा, तेल आणि खनिज वायू जाळून हा कर्बवायू हवेत सोडला. आता तो परत काढून घेता येईल का, आणि येत असेल तर काय भावाने, याचा हिशेब आज मांडावयाचा आहे. विषय विज्ञानाचा खरा. पण गाडी अडते ती पैशापाशी.

आधी मिसळणीचे प्रमाण पाहू या. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास भरले. आज हा आकडा ४२० च्या पुढे गेला आहे. हवामान बिघडवायला एवढे पुरते. पण वेचून काढायचे म्हटले तर हे प्रमाण फार विरळ आहे. एक घनमीटर हवेत हा वायू जेमतेम पाऊण ग्रॅम असतो. तेव्हा एक टन गोळा करायला निदान तेरा लाख घनमीटर हवा यंत्रातून न्यावी लागते, आणि तीही त्यातला कणन् कण हाती लागला तर! कोळशाच्या वीजघराच्या धुरात हेच प्रमाण शेकडा बारा ते पंधरा असते. खळ्यात सांडलेली ज्वारी भरून घेणे वेगळे आणि रानभर उधळलेली वेचणे वेगळे.

तरीही हे काम सुरू झाले आहे. आइसलँडमध्ये क्लाइमवर्क्स या स्विस कंपनीने २०२१ साली ‘ओर्का’ नावाचा कारखाना चालू केला. मोठमोठे पंखे हवा ओढतात, गाळणीवरचे रसायन कर्बवायू धरून ठेवते, मग गाळणी तापवली की तो सुटा होतो. तो पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या काळ्या बेसॉल्ट खडकात सोडतात. तिथल्या प्रयोगात सोडलेल्या वायूपैकी शेकडा ९५ हून अधिक भाग दोन वर्षांच्या आत दगड होऊन बसला, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. शास्त्राच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

पण आकार पाहा. ओर्काची क्षमता वर्षाला ४,००० टन. जग कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कर्बवायू सोडते. म्हणजे कारखान्याने वर्षभर राबून जे काढावे, ते जग साडेतीन सेकंदांत परत भरून टाकते. २०२४ साली त्याच कंपनीने ३६,००० टन क्षमतेचा ‘मॅमथ’ उभारला. त्याचे वर्षभराचे काम जगाच्या अर्ध्या मिनिटाचे. आणि प्रत्यक्षात सुरुवातीच्या काळात हाती लागलेला वायू क्षमतेपेक्षा पुष्कळच कमी भरला.

आता भावाकडे वळू. अशा कारखान्यांत एक टन काढण्याचा खर्च आज ६०० ते १,००० डॉलर, प्रसंगी त्याहूनही अधिक येतो. हा आकडा घरगुती मापात आणू या. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कर्बवायू हवेत जातो. टनाला ६०० डॉलर धरले, तर तेवढा वायू परत काढायला सुमारे १२० रुपये लागतील. म्हणजे पेट्रोलला जेवढे मोजले, तेवढेच जवळपास त्याचा धूर निस्तरायला! भाव १०० डॉलरवर आला, तर लिटरमागे वीसेक रुपये पडतील. पहिला भाव कोणाला झेपणार नाही. दुसरा झेपेल, पण खुपेल.

मग भाव खाली येईल का? १९३६ साली टी. पी. राइट यांनी विमानांच्या कारखान्यांवरून दाखवून दिले की, एकूण उत्पादन दुप्पट झाले की दर नगाचा खर्च ठराविक प्रमाणात उतरतो. माणसाचा हात बसतो म्हणा ना! सौरपट्ट्यांचा भाव दर दुपटीला सुमारे शेकडा २० ने उतरत आला आहे. कर्बवायूच्या बाबतीत सुरुवात १० हजार टनांपासून धरली, तर १०० कोटी टनांवर जायला सतरा वेळा दुप्पट व्हावे लागेल. दर दुपटीला भाव शेकडा १० ने उतरला, तर १,००० डॉलरचे सुमारे १६५ होतील. शेकडा ५ ने उतरला, तर ४२० वर अडतील. सगळी भिस्त या एका आकड्यावर आहे.

त्यात दोन अडचणी आहेत. पहिली विजेची. टनामागे उष्णता व वीज मिळून सुमारे २,००० युनिट लागतात असे धरा. १०० कोटी टनांना दोन लाख कोटी युनिट झाली. २०२३-२४ मध्ये आपल्या सबंध देशात वीजघरांनी निर्माण केलेली वीज होती सुमारे पावणेदोन लाख कोटी युनिट! आणि ही वीज कोळशाची असेल, तर युनिटमागे जवळजवळ एक किलो कर्बवायू निघतो. म्हणजे एक टन काढायला दोन टन सोडायचे. हा आतबट्ट्याचा व्यवहार कोणी करू नये.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. सौरपट्टीला प्रत्येक टप्प्यावर गिऱ्हाईक मिळाले. आधी उपग्रह, मग दूरची ठाणी, मग घरांची छपरे. जमिनीत पुरलेल्या कर्बवायूचे कोणी काय करावे? त्याचा लाभ सर्वांना, म्हणून पैसे द्यायला पुढे कोणीच येत नाही. शहराच्या गटारांचे काम असेच असते. ते पट्टी बसवूनच करावे लागते. अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने हवेतून काढून पुरलेल्या टनामागे १८० डॉलरपर्यंत करसवलत दिली. काही मोठ्या कंपन्याही आगाऊ खरेदी करीत आहेत. पण दानशूर गिऱ्हाइकांवर कोट्यवधी टनांचा धंदा उभा राहत नाही.

आपला सह्याद्री बेसॉल्टचाच. तेव्हा आइसलँडचे येथे का करू नये, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मात्र आपला खडक साडेसहा कोटी वर्षांचा जुना. त्याच्या पुष्कळशा पोकळ्या स्फटिकांनी भरून गेल्या आहेत. नाशिक, जळगावकडच्या खाणींत निघतात तेच हे सुंदर पांढरे स्फटिक. शिवाय आइसलँडच्या रीतीने टनामागे सुमारे २५ टन पाणी लागते. मराठवाड्यात हे पाणी कोठून आणावे? या खडकाची भुकटी शेतात पसरून पावसाच्या पाण्याबरोबर कर्बवायू बांधण्याची रीत मात्र आपल्याला जवळची आहे. मध्य भारतातील लहान शेतकऱ्यांबरोबर हे काम करणाऱ्या ‘माती कार्बन’ या संस्थेला २०२५ साली एक्सप्राइझचे पाच कोटी डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले. किती वायू खरोखर बांधला गेला, हे शेताशेतांत मोजणे, ही तिथली कसोटी आहे.

तात्पर्य काय? न सोडलेला टन हा सर्वांत स्वस्त टन. विमाने, सिमेंट अशा जिथे सोडणे टळत नाही तिथल्यासाठी, आणि जुने देणे फेडण्यासाठी, हे काढण्याचे शास्त्र राखून ठेवावे. आणि वेळेवर हाती यावे म्हणून त्यावर आजच खर्च करावा. उद्या काढूच, या भरवशावर आज सोडत राहणाऱ्याला मात्र आपण एवढेच विचारावे: टनाला किती, आणि ते भरणार कोण?