तिखाडीच्या तेलातली भेसळ



आपल्या जळगाव जामोदच्या डोक्यावर सातपुडा उभा. तिथल्या माळांवर रोशा गवत, म्हणजे आपली तिखाडी, आपोआप उगवते. एकोणिसाव्या शतकात खानदेशात, पिंपळनेर-नंदुरबारकडं, हिच्या भट्ट्या लागत. तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानला जाई आणि तिथं गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. गंमत बघा, भेसळीसाठी नेलेल्या या तेलातच पुढं व्यापारी रॉकेल, टर्पेंटाइन, खोबरेल घालू लागले!

चांगल्या तेलात जिरॅनिऑल हा सुगंधी अंश साधारण 75 ते 85 टक्के असतो. भाव त्याचाच. तिखाडीत मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. मोतियाचं तेल सरस. सोफिया मिसळली की भाव पडलाच. शंभर किलो गवतातून अर्धा किलोच्या आसपास तेल निघतं, मग थोडं काही ओतायचा मोह होतो. पण एका डब्यातली भेसळ सापडली, तर व्यापारी साऱ्या गावचा माल पाडून मागतो.

घरी ओळखायचं कसं? टिपकागदावर एक थेंब टाका आणि दुसऱ्या दिवशी बघा. तेलकट डाग राहिला तर खोबरेल किंवा शेंगतेल आहे. रॉकेल मात्र असं पकडता येत नाही. त्यासाठी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून 70 टक्के इथाइल अल्कोहोल घेऊन एक भाग तेलात दोन भाग टाका. शुद्ध मोतिया निवळ विरघळतं. दुधी झालं तर संशय धरा. कारखान्यात बनवलेलं जिरॅनिऑल घातलं असेल, तर यंत्रावरच्या तपासणीशिवाय कळत नाही.

गुडघ्याला चोळायला बाजारातली बाटली घेता, तिच्यातही हाच खेळ असू शकतो. रॉकेलानं कातडी भाजल्यासारखी होते. शुद्ध तेलसुद्धा निव्वळ चोळू नका, काहींना त्यानं खाज सुटते, पुरळ येतं. चमचाभर तिळाच्या तेलात दोन थेंब पुरेत, तेही आधी मनगटावर लावून बघा. पोटात घेऊ नका. लेकराच्या नाकाला लावू नका.

भट्टीवाल्यांनी गवत फुलोऱ्यात कापावं. गंजक्या टाकीनं तेल काळवंडतं. पाणी पुरतं निथळू द्यावं, गाळून काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात काठोकाठ भरावं. प्लॅस्टिकचा कॅन नको. तपासणीसाठी नमुना कन्नौजच्या सुगंध व सुरस विकास केंद्राकडं पाठवता येतो. बाटलीवर घाणीची तारीख लिहा आणि तसलीच एक बाटली सील करून घरी ठेवा.