बालगृहांतील मुलांचा हातखर्च

घरांत वाढणाऱ्या मुलाला पैशाचें ज्ञान कोणी समोर बसवून देत नाहीं. वाण्याकडून अर्धा किलो साखर आणावयास सांगितलें, उरलेले पैसे मोजून घे म्हणून बजावलें. जत्रेच्या दिवशीं हातावर कांहीं नाणीं ठेवलीं आणि तीं सगळीं पहिल्याच दुकानांत उडवून पोर रडत परत आलें, म्हणजे एक धडा झाला. असे शेंकडों धडे वर्षानुवर्षें चालू असतात, आणि देणाऱ्याच्याही तें ध्यानांत येत नाहीं. बालगृहांतील मुलाच्या वांट्याला हे धडे येत नाहींत. जेवण घंटेबरोबर येतें, कपडे कपाटांतून मिळतात, वह्या-पुस्तकें कचेरी आणते. विचित्र वाटेल, पण संस्था जितकी व्यवस्थित, तितका मुलाचा बाजाराशीं संबंध कमी!

आणि मग एके दिवशीं अठरावें वर्ष पुरें होतें. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानें अशा मुलांच्या पुढील देखभालीची सोय सांगितली आहे. ती २१ व्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितींत आणखी दोन वर्षें मिळूं शकते. २०२२ सालच्या 'मिशन वात्सल्य' योजनेंत त्यासाठीं दरमहा ४,००० रुपयांची तरतूद ठेवण्यांत आली. तरतूद योग्यच आहे. परंतु ज्याच्या मुठींत तोंवर पन्नास रुपयेही एका वेळीं आले नाहींत, त्याला चार हजारांचे तीस दिवस कसे पाडावे हें कोणत्या कलमानें शिकवावें? पहिल्या आठवड्यांत मित्रांना मेजवानी आणि तिसऱ्या आठवड्यांत उसनवारी, हा क्रम मग ठरलेलाच. पूर्वीं माधुकरी मागून अथवा वार लावून शिकणारा विद्यार्थी याहून कितीतरी दरिद्री असे. पण दिव्याचें तेल किती दिवस पुरेल याचा हिशेब त्याला तोंडपाठ असे. त्याच्यापाशीं पैसा नव्हता, पैशाचें अज्ञानही नव्हतें.

म्हणून बालगृहांत हातखर्चाची रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती ठरलेल्या वारीं, ठरलेली आणि समान वयाच्या सर्वांना सारखी मिळाली पाहिजे. ज्याचा मामा महिन्यांतून एकदां भेटावयास येतो त्याच्या खिशांत नोट, आणि ज्याला कोणीच नाहीं त्यानें तिच्याकडे पाहत बसावें, अशी स्थिति असेल तेथें चोरी होते, उधारी होते, आणि थोरला मुलगा धाकट्याला दमदाटी करून त्याचे पैसे काढून घेतो. यांत मुलांच्या स्वभावाचा दोष थोडा, व्यवस्थेचा फार. वाढदिवसाला किंवा वडिलांच्या श्राद्धाला बालगृहांत मिठाई घेऊन जाणाऱ्या सुखवस्तु कुटुंबांनींही आवडलेल्या एकाच मुलाच्या हातांत पैसे ठेवूं नयेत. ती रक्कम कचेरींत पावती घेऊन सर्वांच्या हातखर्चासाठीं द्यावी. दयेचा आनंद त्यामुळें थोडा कमी होईल, त्याला इलाज नाहीं.

२०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणें, संस्थेंत येतांना मुलाजवळ असलेले पैसे व मौल्यवान वस्तु नोंदवहींत लिहून सुरक्षित ठेवावयाच्या असतात. ती मुलाची ठेव. हातखर्च हा निराळा; तो खर्चण्यासाठींच आहे. दोन्हींची कीर्द वेगळी हवी. हातखर्चाच्या वहींत प्रत्येकाचें एक पान असावें, पैसे घेतांना मुलानें स्वतः सही करावी आणि शिल्लक स्वतः काढावी. बेरीज चुकली तर अधीक्षकानें ती दुरुस्त करून देऊं नये. फक्त पुन्हा करावयास सांगावी.

सर्वांत मोठा घोटाळा शिक्षेच्या बाबतींत होतो. "भांडलास, या आठवड्याचे पैसे बंद!" हें वाक्य उच्चारावयास फार सोपें आहे. परंतु तें एकदां उच्चारलें कीं हातखर्च मुलाचा राहत नाहीं, तो अधीक्षकाच्या मर्जीचा होतो. आणि मर्जीचा पैसा कोणी जपून वापरीत नाहीं, मिळाला तसा उडवून टाकतो. कांच फोडली तर तिच्या भरपाईचा लहानसा हप्ता कापणें समजूं शकतें. नियमांत ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ अशा तीन वयोगटांच्या बालसमित्या सांगितल्या आहेत. हप्ता किती असावा हें अशा समितीसमोर ठरावें. उद्धटपणाबद्दल, नापास झाल्याबद्दल किंवा अंथरूण ओलें केल्याबद्दल मात्र एक पैसाही कापूं नये.

मुलें चुकीचा खर्च करणारच. शनिवारीं सगळे पैसे भेळेंत गेले आणि सोमवारीं पेन हरवलें, तर शाळेसाठीं पेन द्यावें, पण पैसे पुन्हा देऊं नयेत आणि व्याख्यानही देऊं नये. मुलांना जमाखर्च झेपत नाहीं, ही समजूत मोठ्यांच्या सोयीची आहे. दिल्लींत 'बटरफ्लाइज' या संस्थेनें २००१ सालीं रस्त्यावर राहणाऱ्या व काम करणाऱ्या मुलांसाठीं बचतीची पेढी काढली, ती मुलांनींच चालविली. उधळी म्हणून ज्यांच्याकडे जग पाहतें, तींच हीं मुलें.

बँकेचा मार्गही आतां खुला आहे. दहा वर्षांवरील मुलाला स्वतः बचत खातें चालवूं देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनें २०१४ सालीं बँकांना दिली. परंतु पासबुक कायम कचेरीच्या कपाटांतच राहिलें तर खातें असून नसल्यासारखें. हल्लीं पैसा मोबाईलमधून दिसेनासा होऊन जातो. अशा दिवसांत तर लहान मुलानें आधीं नाणीं मोजलेलीं बरीं.

सतरा वर्षांच्या मुलासाठीं आणखी एक पायरी हवी. साबण, तेल, वह्या आणि बसभाडें यांसाठीं संस्था त्याच्यावर महिन्याला जें खर्च करते, तें पहिल्या तारखेला त्याच्याच हातीं द्यावें आणि खरेदीला त्याला एकट्याला जाऊं द्यावें. पहिल्या महिन्यांत विसाव्या तारखेला साबण संपेल. त्यानें शेजारच्या मुलाकडून वडी उसनी घ्यावी आणि पुढच्या महिन्यांत आठवणीनें परत करावी.