आईच्या हातचे औषध



बाळाला हगवण लागली की घरातली जुनी माणसं म्हणतात, ‘पाणी देऊ नका.’ पण बाळ दगावतं ते अंगातलं पाणी आटल्यामुळंच!

१९६८ साली ढाक्यात अमेरिकन व बंगाली डॉक्टरांनी मिळून सिद्ध केले, की मीठ-साखरेचे ठराविक मापाचे पाणी पाजले तर पटकीच्या रोग्यालाही सलाईन फार कमी लागते. शोध लागला, पण खेड्यातल्या आईला तो कोण सांगणार? १९८० ते १९९० या काळात परदेशी मदतीवर बांगलादेशातील ‘ब्रॅक’ संस्थेच्या बाया सुमारे १ कोटी २० लाख घरी गेल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी! नंतर तपासनीस येऊन आयांना विचारत. आईच्या जेवढे ध्यानात राहिले, तेवढाच शिकवणारीला मोबदला. म्हणजे परीक्षा आईची नव्हे, शिकवणारीची!

आज ओआरएसची पुडी मिळते. मोठी पुडी अख्खी १ लिटर स्वच्छ पाण्यात घाला, अंदाज करू नका. अंगावरचे दूध तोडू नका. बाळ मलूल झाले, तर तडक दवाखाना गाठा. आणि हे शेजारणीलाही शिकवा. तिच्या ध्यानात राहिले, तरच आपण शिकवले.