विमानांचे अभिकल्पक डॉ. वि. मा. घाटगे

भारतात आराखडा काढून भारतातच मोठ्या संख्येने बांधले गेलेले पहिले इंजिनाचे विमान म्हणजे एचटी-२. त्यामागच्या अभियंत्यांच्या तुकडीचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे. त्यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूर भागातल्या हसूरचंपूचा. जर्मनीतल्या गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विमानाच्या पृष्ठभागाला लगटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा सिद्धांत १९०४ मध्ये मांडणारे प्रांटल हे आधुनिक वायुगतिशास्त्राचे प्रमुख प्रवर्तक मानले जातात.

त्या काळी भारतात या विद्येला कारखानाच नव्हता. डिसेंबर १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने आणि म्हैसूर संस्थानच्या सहभागाने बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. परदेशी विमानांची जुळणी आणि युद्धकाळात त्यांची दुरुस्ती हेच तिचे मुख्य काम होते. घाटगे यांनी तेथे दहा आसनांच्या एका ग्लायडरचा आराखडा केला. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या अध्यापकांत ते होते. पुढे कारखान्यात त्यांना सहकारी लाभले ते अशाच शिक्षणातून तयार झालेले. हा जोडधागा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल, कारण विमानाचा आराखडा एकट्याच्या बुद्धीने पुरा होत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मोठ्या कामासाठी प्रशिक्षणाचे विमान निवडले गेले, हे शहाणपणाचे होते. असे विमान साधे असते, पण सोपे नसते. शिकाऊ वैमानिक ते आदळत उतरवतो, वेग नको तितका कमी होऊ देतो. मग पंखांची उचल संपते आणि विमान गिरकी घेत खाली येऊ लागते. त्या गिरकीतून नवख्या हातांनाही ते सावरता यायला हवे. म्हणून शेपटीचा आकार, वजनाचा मध्यबिंदू आणि सुकाणूची पकड यांचा मेळ फार काटेकोर लागतो. त्यातच धावपट्टीवरच्या दणक्यांना टिकणारी चाके हवीत आणि देखभालही साध्या सामग्रीत व्हायला हवी.

एचटी-२ हे धातूचे, एकामागे एक अशा दोन आसनांचे, पंख खालच्या बाजूला असलेले विमान होते. ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते पहिल्यांदा उडाले. अशी १७० च्या आसपास विमाने बांधली गेली. भारतीय हवाई दलात तीन दशकांहून अधिक काळ ती शिकवण्याच्या कामी आली. घानाच्या हवाई दलानेही ती घेतली.

पुढे फ्लाइंग क्लबांसाठी 'पुष्पक' आणि सैन्याच्या टेहळणीसाठी 'कृषक' ही हलकी विमाने झाली. घाटगे यांच्या देखरेखीखालचे पुढचे मोठे पाऊल मात्र जेट प्रशिक्षण विमानाचे, म्हणजे 'किरण'चे. जुन्या 'व्हॅम्पायर'ची जागा घेणाऱ्या या विमानात शिक्षक आणि शिष्य शेजारी-शेजारी बसत, त्यामुळे चूक होताच हाताशी मदत असे. इंजिन ब्रिटिश होते, आराखडा बंगळुरूचा. ४ सप्टेंबर १९६४ रोजी 'किरण'ने पहिले उड्डाण केले. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी स्थापन झालेल्या हवाई दलाच्या 'सूर्यकिरण' पथकाने आपल्या कसरतींसाठी 'किरण'चीच सुधारित आवृत्ती निवडली.