शिधा किती वेळा द्यावा?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर तांदूळ-डाळीचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण जे मूल सकाळी काही न खाता वर्गात येते, त्याला फळ्यावरचे गणित दिसत नाही, हे कोणताही शिक्षक सांगेल. म्हणून हा विषय शाळेचाच आहे, असे मी मानतो.

पनवेल काय, तळोजे काय, किंवा कोकणातला कोणताही मोहल्ला काय, जमातीचा बैतुलमाल आणि रमजानमधील शिधावाटप ही आपल्या ओळखीची गोष्ट आहे. आणि दरवर्षी बैठकीत एक प्रश्नही ठरलेला असतो: "तीच माणसे पुन्हा पुन्हा येतात. वर्षातून किती वेळा द्यायचे याची मर्यादा का ठरवू नये?" हा प्रश्न दुष्ट बुद्धीने विचारलेला नसतो. पैसा लोकांचा असतो, जकातीचा असतो. त्याचा हिशेब या जगात जमातीला आणि पुढे अल्लाहला द्यायचा असतो. तेव्हा प्रश्न झटकून न टाकता त्याचा विचार केला पाहिजे.

मर्यादा हवी म्हणणाऱ्यांचे मुद्दे तीन. एक, धान्य मोजके आहे. एकाला चार वेळा दिले तर दुसऱ्याला एकदाही मिळणार नाही. दोन, सतत मिळू लागले की हातपाय हलवण्याची सवय जाते. तीन, काही लोक दोन-तीन ठिकाणांहून घेतात. हे तिन्ही मुद्दे काही अंशी खरे आहेत. प्रश्न एवढाच, की "वर्षातून तीन वेळा" असा नियम केल्याने ते सुटतात का?

पहिला मुद्दा घ्या. समजा, जमातीकडे 50 किलोची 20 पोती तांदूळ आहेत, म्हणजे 1000 किलो. 40 कुटुंबे आली तर प्रत्येकी 25 किलो मिळतील, 50 आली तर 20 किलो. धान्य कमी असेल तर वाटा लहान करता येतो. पण ज्याच्या तीन वेळा संपल्या त्याला दारातून परत पाठवणे म्हणजे वाटा लहान करणे नव्हे, वाटाच काढून घेणे आहे. सरकारी रेशनची रीत पाहा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा 35 किलो धान्य ठरवले. मर्यादा आहे, पण ती किलोची आहे. "तुम्ही गेल्या महिन्यात आला होता, आता पुरे," असे रेशन दुकानदाराला म्हणता येत नाही. 26 जानेवारी 2020 ला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली, तेव्हा केंद्राला ताटांची संख्या ठरवून दिली आणि वेळही दुपारची ठरली; पण काल जेवलेल्याने आज येऊ नये, असा नियम नव्हता. शाळेतील माध्याह्न भोजनात तर मुलाला कोणी विचारत नाही की या महिन्यात तू किती वेळा जेवलास.

परदेशातही हा वाद झाला आहे. इंग्लंडात ट्रसेल ट्रस्ट या संस्थेच्या अन्नपेढ्यांत तीन दिवसांचा शिधा चिठ्ठीवर देत, आणि सहा महिन्यांत साधारण तीन चिठ्ठ्या असे धोरण होते. मात्र चौथ्यांदा माणूस आला तर त्याला ज्याने पाठवले त्या डॉक्टरशी किंवा समाजसेवकाशी बोलावे, गरज का टिकून आहे ते पाहावे, असा त्यामागचा हेतू होता. म्हणजे तिसरी चिठ्ठी ही दार बंद करण्याची खूण नव्हती, चौकशी सुरू करण्याची होती. हा भाग आपण घेण्यासारखा आहे.

आता आपल्या दीनकडे वळू. जकात कोणाला द्यावी याचे आठ वर्ग सूरह तौबामध्ये सांगितले आहेत, आणि त्यांत सर्वप्रथम फकीर व मिस्कीन आहेत. वर्ग गरजेवरून ठरले आहेत, फेऱ्यांवरून नव्हे. सहीह मुस्लिममध्ये हजरत कबीसा यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. मागणे कोणाला रास्त, हे तीत सांगितले आहे: ज्याने तंटा मिटवण्यासाठी दुसऱ्यांचा भार अंगावर घेतला तो, ज्याची मालमत्ता आपत्तीत गेली तो, आणि ज्याच्या हलाखीची त्याच्याच लोकांतील तीन समंजस माणसे ग्वाही देतात तो. आणि कुठवर? पहिल्याचा भार फिटेपर्यंत, उरलेल्या दोघांना जगण्याचा आधार मिळेपर्यंत. येथे मर्यादा स्पष्ट आहे, पण ती "पर्यंत" या शब्दात आहे. चौकशीही आहे, पण ती मोहल्ल्यातील जाणत्या माणसांनी करायची आहे, चारचौघांत रांगेत उभे करून नव्हे.

आपण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. याच मजहबचे 13 व्या शतकातील थोर फकीह इमाम नववी यांनी गरिबाला किती द्यावे याची चर्चा केली आहे. कारागीर असेल तर त्याला हत्यारे मिळावीत, व्यापारी असेल तर धंद्यापुरते भांडवल, जेणेकरून तो पुन्हा मागणारा राहू नये, असे मत त्यांनी उचलून धरले. इमाम गझाली यांचे मत एक वर्ष पुरेल इतके द्यावे असे आहे. दोघांत फरक आहे. पण पंधरा दिवस पुरेल एवढी पिशवी हातावर ठेवून कर्तव्य संपले, असे दोघेही म्हणत नाहीत. मला वाटते, आपली चूक येथेच होते. आपण इतके थोडे देतो की माणसाला पुन्हा यावेच लागते, आणि पुन्हा आला की आपण रागावतो!

सवय लागण्याचा मुद्दा उरतो. त्याला उत्तर सुनन अबू दाऊदमधील कुऱ्हाडीच्या हकिकतीत आहे. एक अन्सारी मागायला आला. घरात एक जाड वस्त्र आणि एक पेला, एवढेच होते. पैगंबर साहेबांनी (स.) ते दोन दिरहमांना विकून दिले. एका दिरहमाचे अन्न घरी द्यायला सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला लावली, तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवला आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विकायला पाठवले. तो दहा दिरहम कमावून परत आला. ही हकिकत आपण कष्टाचे महत्त्व सांगताना नेहमी सांगतो, पण तिचा क्रम विसरतो. पहिला दिरहम अन्नाचा होता, कुऱ्हाड नंतर आली. आणि कुऱ्हाड दिल्यावाचून "लाकडे तोड" असे सांगितले नाही.

महाराष्ट्राने हेच वेगळ्या वाटेने केले. 1972-73 च्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडण्याच्या व बांधबंदिस्तीच्या कामांवर गेले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा पुढे 1977 मध्ये कायदा झाला. मागेल त्याला काम, हे तिचे सूत्र होते. ज्याला गरज नाही तो उन्हात खडी फोडायला येत नाही; त्यामुळे वेगळी मर्यादा घालावी लागत नाही. पण ज्याला काम झेपत नाही त्याचे काय? ऐंशीची आजी, अंथरुणाला खिळलेला बाप, इद्दतीत बसलेली विधवा, यांना कोणती कुऱ्हाड देणार? त्यांच्या बाबतीत "किती वेळा" हा प्रश्नच गैरलागू आहे. त्यांना दरमहा, न मागता, घरपोच मिळाले पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या दानाचा हंगाम रमजान. पण भुकेचा हंगाम पावसाळा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, वीटभट्ट्या आणि मिठागरे बंद असतात, बांधकामे मंदावतात. त्याच वेळी शाळा सुरू होऊन वह्या-पुस्तकांचा खर्च येतो. रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस मागे सरकतो, पाऊस मात्र सरकत नाही. "वर्षातून एकदा" असा नियम केला, तर ज्याने रमजानमध्ये घेतले तो आषाढात उपाशी राहील. वर्ष पुरे होण्याआधी जकात देण्याची मुभा शाफई मतातही आहे. तिचा उपयोग करून पावसाळ्यापुरता वाटा वेगळा करता येईल.

म्हणून माझ्या सूचना अशा. वेळांची मर्यादा नको. साठा कमी पडला तर सर्वांचे वाटे सारखे लहान करावेत. वृद्ध, आजारी व निराधार यांची कायम यादी करावी. धडधाकट माणूस तिसऱ्यांदा आला तर त्याला परत न पाठवता दोन जाणत्यांनी त्याच्या घरी जावे: कर्ज आहे का, आजार आहे का, रेशनकार्ड आहे का, की हत्यार हवे आहे, ते पाहावे. शिलाई मशीन, हातगाडी, वायरमनच्या कोर्सची फी, हीच आजची कुऱ्हाड. जवळपासच्या जमातींनी आपल्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहाव्यात, म्हणजे दुहेरी घेण्याचा प्रश्न सुटेल. पण ती वही चार जबाबदार माणसांबाहेर जाऊ नये. वाटपाचे फोटो काढू नयेत. दान देऊन मन दुखावले तर ते दान वाया जाते, अशी कुरआनची ताकीद आहे. आणि वीटभट्टीवरच्या कातकरी शेजाऱ्यासाठी जकातीखेरीज सदक्याचा एक वेगळा डबा असावा; शेजाऱ्याचा हक्क जात-धर्म विचारत नाही.

मुंबईत माहीमच्या काही खानावळींसमोर भुकेली माणसे ओळीने बसतात आणि येणारे-जाणारे त्यांच्या जेवणाचे पैसे देतात. काल बसला होतास का, असे त्यांना कोणी विचारत नाही. ही त्या खानावळींची थोरवी आहे. पण तोच माणूस दहा वर्षे त्याच ओळीत बसला, तर ती आपल्या समाजाची नामुष्की आहे. या दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवायच्या आहेत.

ओळीतून उठवण्याचे काम शेवटी शाळाच करते. ज्या घरात मूल दहावीच्या पुढे गेले, त्या घराची चिठ्ठी एक दिवस आपोआप बंद होते. तोवर आपण वेळा मोजू नयेत. अल्लाह आपणा सर्वांना देण्याची नियत आणि देण्याची अक्कल, दोन्ही देवो. आमीन.

खुदा हाफिज. जय हिंद.